दाढेखालची लवंग

बनशंकरीतल्या आमच्या घरमालकांनी जेवढ्या माणसांच्या तोंडात डोकावून पाहिलंय, तेवढ्यांच्या या शहरातल्या एकाही दंतवैद्यानं पाहिलं नसेल. मूळचे निपाणीचे, बँकेतून निवृत्त. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. पुण्याहून येऊन त्यांचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला, तेव्हा करारावर सही होण्याआधी त्यांनी मला खिडकीशी उभं केलं. "स्वल्प आ कर बघू." भाडेकरू पारखायची इथली रीत असेल, असं समजून मी मुकाट्यानं आ केला. "हिरड्या सुजल्यात तुझ्या. आधी दाताच्या डॉक्टरला दाव, मग किल्ली घे." आणि डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय त्यांनी किल्ली दिली नाही. खिशात कायम छोटा टॉर्च. सिग्नलला रिक्षा थांबली की रिक्षावाल्याची तपासणी. समोरच्या घरी मुलगी बघायला आलेल्या नवरदेवाला तर त्यांनी भर पाहुण्यांत तोंड उघडायला लावलं. ते लग्न जमलं, हे नशीबच. "भाईरची सूज दिसती, माणूस शेक देतंय," ते सांगत. "आतली दिसत न्हाई. राखंखाली इंगळ ऱ्हातोय तशी वर्षानुवर्षं धुमसती. मग सांधं धरती, काळीज धरती, मेंदू..." मेंदूपाशी आले की ते टॉर्च खिशात ठेवत.

कारण घरात अक्का होत्या. त्यांची बायको. गेली चार वर्षं त्या एकेक गोष्ट विसरत चालल्यात. आधी नातवाचं नाव, मग मोरीची वाट, मग अण्णा. हल्ली त्या त्यांना "बँकेतले साहेब" म्हणतात. डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, जुनी कुठली सूज होती का? तेव्हा अण्णांना हिरड्या आठवल्या. वीस वर्षं अक्कांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि दर वेळी अण्णा म्हणत, "डॉक्टर कशाला? लवंग धर दाढंखाली." लवंगांचा डबा मात्र कधी रिकामा होऊ दिला नाही. डॉक्टर म्हणाले, अशी सूज म्हातारपणाच्या रोगांना हातभार लावत असावी. पण अक्कांचं विसरणं त्यामुळेच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. अण्णांनी पहिलं अर्धंच ऐकलं. मी किती वेळा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. आता अक्कांच्या हिरड्या ठणठणीत आहेत, डॉक्टर कौतुक करतात. विसरणं काही थांबलेलं नाही, आणि थांबणारही नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या रविवारी भाडं द्यायला खाली गेलो तर अण्णांचा गाल टम्म सुजलेला. साऱ्या गावाची तोंडं तपासणाऱ्या या माणसानं स्वतःच्या तोंडात कधी पाहिलंच नव्हतं! मी रागावणार, एवढ्यात अक्का उठल्या. मोरीची वाट न सापडणारी ती बाई सरळ स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा डबा काढला आणि एक लवंग आणून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"दाढ दुखाय लागलीय जणू. डॉक्टर कशाला? लवंग धरा."

अण्णांनी ती दाढेखाली धरली. पण सूज वाईट होती. त्यांच्याच खिशातला टॉर्च काढून मी म्हटलं, "अण्णा, आ करा बघू."

त्यांनी मान हलवली. लवंग पडेल म्हणून ते तोंड उघडायला तयार नव्हते.