खेकड्यांची पावलं

कल्पना करा, तुमच्यासमोर जुन्या व्हिडिओ गेमचं माणसाच्या उंचीचं एक लाकडी कपाट आहे. मागची फळी तुम्ही स्क्रू काढून भिंतीला टेकवली आहे. आत धुळीची गोधडी, वायरींचा गुंता आणि ताटाएवढं हिरवं सर्किट बोर्ड. पुढच्या पडद्यावर खेळ झकास चाललाय. वरून खेकड्यांची रांग उतरते, खालून आपण गोळ्या झाडायच्या. गोळीचा आवाज येतो, स्फोटाचाही येतो. फक्त खेकडे मुकाट्यानं चालतात. त्यांच्या पावलांचा आवाज गेलाय. सांगा, हात कुठे घालाल?

मावशी म्हणेल, आधी हात खिशात घाला आणि ऐका.

मावशीनं एकोणीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. सोल्डर करण्याला ती अजून डाख देणंच म्हणते. तिच्या हातून गेलेलं यंत्र परत आलं, असं क्वचितच घडतं. काका म्हणतात, हिच्यासमोर मुकी यंत्रं बोलायला लागतात आणि बोलका नवरा मुका होतो.

खेकड्यांचा खेळ होता कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. सलून अक्कांनी सुरू केलं, आता त्यांचा धाकटा भाऊ चालवतो. दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या नजरेचा मधला भाग धूसर झाला आणि कात्री हातातून सुटली. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तरी रोज दुपारी त्या दुकानात यायच्या आणि खेळायच्या. खेकडे कमी होत जातात तशी पावलं भराभर पडतात. किती उरले, किती खाली आले, हे अक्का त्या तालावर ओळखायच्या. आवाज गेल्यावर दोन मिनिटांत हरू लागल्या, मग यायच्याच बंद झाल्या. भाऊ मावशीला म्हणाला, काहीही करा, पण तिला घरातून बाहेर काढा. दिवसभर फोनवरून माझंच दुकान मला शिकवतेय.

सोमवारी सलूनला सुट्टी. मावशी पेटी घेऊन गेली. दोन आवाज येतायत म्हणजे स्पीकर ठणठणीत, हे तिनं उभ्या उभ्याच ठरवलं. अशा जुन्या यंत्रांत प्रत्येक आवाजाचं सर्किट वेगळं असतं, एकाच घरात चुली वेगळ्या केलेल्या जावांसारखं. एकीची चूल विझली तरी दुसरीला पत्ता नसतो. पावलांची चूल शोधायला तिनं इअरफोनच्या वायरीला सुई जोडून केलेलं आपलं हत्यार काढलं. सुई एकेका जोडावर टेकवायची आणि कानानं माग काढत जायचं. एका छोट्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीच्या, अलीकडे पावलं ऐकू आली, पलीकडे शुकशुकाट. काढून मीटरला लावला तर शून्य. आतून पार सुकला होता.

कपाटाच्या आत चिकटवलेल्या सर्किटच्या नकाशावर त्याच्या क्षमतेचा आकडा होता, दहा. मावशीनं दहाचा नवा कपॅसिटर बसवला, डाख दिला, यंत्र चालू केलं. धम्, धम्, धम्. भरदार, गोल आवाज. कारखान्यात असता तर पासचा शिक्का बसला असता. पेटी आवरून तिनं अक्कांना बोलावणं धाडलं.

अक्का आल्या, खेळल्या आणि दुसऱ्याच फेरीत हरल्या.

"हा तो आवाज नाही," त्या म्हणाल्या.

मावशीला ते लागलं. तिनं नकाशावर बोट ठेवून समजावलं की कंपनीनं लिहिलंय तेच बसवलंय, रतीभर फरक नाही.

"कागद खेळलाय का कधी?" अक्का म्हणाल्या. "हा पंख्याच्या घरघरीत मिसळतो. माझा आवाज बारीक होता. टेबलावर नखानं टकटक करावी तसा."

मावशीनं पेटी पुन्हा उघडली. त्या जागेवरून दोन वायरी बाहेर काढल्या आणि त्यांना क्लिपा लावल्या, म्हणजे दर वेळी बोर्ड उचकटायला नको. आकडा लहान तसा आवाज बारीक. यंत्र बंद करायचं, कपॅसिटर बदलायचा, चालू करायचं. पाचच्या आसपासचा लावला. "जाड." एकचा लावला. "जवळ आलात, पण सर्दी झालीय." भावानं मध्येच मत दिलं की मला तर सगळे सारखेच वाटतात. अक्का म्हणाल्या, म्हणूनच तुझ्याकडून कल्ले वरखाली होतात. शेवटी मावशीनं एकाच्याही अर्ध्याहून थोडा कमी लावला. टक्, टक्, टक्.

अक्कांची मान आपोआप हलायला लागली.

त्या खेळायला लागल्या. पावलं भरभर झाली तशी बोटंही भरभर झाली. एक रांग गेली, दुसरी गेली. भावानं चहा मागवला, तो निवला, तरी अक्का हरेनात. मधेच न वळता त्यांनी त्याला सांगितलं की उद्यापासून मी तीनलाच येणार, माझी खुर्ची कुणाला देऊ नकोस.

मावशीनं तोच कपॅसिटर डाख देऊन पक्का केला आणि फळी बसवली. खुशीतच घरी आली. पण जेवताना तिचा हात थांबला. नकाशा खोटा नव्हता. दहाचा कपॅसिटर वर्षानुवर्षं सुकत गेला की आवाज असाच बारीक होत जातो. यंत्र सलूनमध्ये आलं तेच जुनं होऊन. म्हणजे अक्कांनी इतकी वर्षं ओळखला तो आवाज आजारी कपॅसिटरचा होता, आणि आज तिनं एका चांगल्या यंत्रात तो आजार मोजूनमापून परत बसवला होता.

काका म्हणाले, बाई खूश आहे ना, मग झालं. मावशीलाही ते पटलं, भाकरी पुढे सरकली. तरी त्या दिवसापासून एखादं जुनं यंत्र घेऊन कुणी म्हातारं गिऱ्हाईक आलं, की कामाचं बोलून झाल्यावर ती विचारतेच: तो खेकड्यांचा खेळ कोरा करकरीत असताना तुम्ही खेळलाय का हो, आणि तेव्हा त्यांची पावलं कशी वाजायची?