बारा बाटल्या आणि एक पिंजरा

"त्या बाटल्या खाली ठेवा, मावशी."

"ठेवायला नाही, दाखवायला आणल्यात."

"कुणाला?"

"समितीला. पलीकडेच बसलीय ना, तुमच्या बढतीचं ठरवायला."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशींच्या काळजाला गारवा मिळाला. हा चेहरा बघायला त्यांनी वर्षभर दातओठ खाऊन कळ काढली होती.

प्रयोगशाळेतल्या फळमाश्या सांभाळण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेलेली. माश्या बर्फावर गुंगवायच्या, पोटाचं टोक काळं दिसलं की नर म्हणून कुंचल्यानं बाजूला सारायचा, निवडलेल्या जोड्या नव्या बाटलीत सोडायच्या. मग सरांनी केशरी आणि पांढऱ्या डोळ्यांच्या जनुकांचा प्रयोग मांडला. सुरुवात निम्मी-निम्मी. खाद्य वाचवायला फर्मान त्यांचंच: बाटली एकच, आणि दर पिढीला आठच जोड्या पुढे. मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, इतक्या थोड्यांत कोण टिकेल ते नशिबावर. सरांनी हसण्यावारी नेलं. शेवटी बाटलीत केशरी उरले, आणि केशरी जनुकच सरस, असं सरांनी छापून आणलं.

दुसऱ्या प्रयोगशाळेनं इथूनच माश्या मागवून तोच प्रयोग केला, तर तिथे पांढरे उरले. सरांनी सरळ हात झटकले. पाठवलेल्या माश्यांत मदतनीस बाईंनी घोळ घातला म्हणे. मावशींच्या हाती मेमो आला, आणि त्यांची रवानगी काचा धुण्याच्या खोलीत झाली.

तिथे, धुतलेल्या बाटल्यांच्या मागे, त्यांनी सूड पोसला. बारा बाटल्या, प्रत्येकीत दर पिढीला आठच जोड्या. वेचताना माश्यांच्या डोक्यांवर कागदाची पट्टी धरायची, डोळ्यांचा रंग दिसायलाच नको. शेजारी एक मोठा पिंजरा, त्यात हजारोंनी माश्या. खाद्य तेच, ऊबही तीच.

"बघा तरी," मावशींनी खोका पुढे केला. "पाचांत नुसते केशरी. चारांत नुसते पांढरे. तिघींचं अजून ठरायचंय."

"योगायोग असेल."

"तेच तर म्हणत होते मी. तेव्हा तुम्ही हसला होतात."

"आणि पिंजऱ्यात?" विचारताना सरांचा आवाज चोरटा झाला होता.

"पंचवीस पिढ्या झाल्या, दोन्ही जनुकांचा वाटा पहिल्या दिवशी होता तेवढाच. केशरी सरस असता, तर तिथेही वर चढला असता की नाही?"

सरांनी दार लोटून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला. मेमो मागे घेतो म्हणाले, जुनी जागा परत देतो, पुढच्या लेखात नावही घालतो. मावशी शांतपणे बाटल्यांच्या तोंडचे कापसाचे बोळे घट्ट बसवत राहिल्या.

"हे बघा, माझी बारा वर्षं आहेत यात," सर म्हणाले. "मी माफी मागतो. आत्ता, इथेच. आणखी काय हवंय तुम्हाला?"

मावशींनी खोका उचलला, कोपरानं दार ढकललं, आणि समितीच्या खोलीकडे चालू लागल्या.