ओसरीवरची मुलाखत

आमच्याकडं पोरीबाळीला कुणी नाव विचारलं, तर उत्तर घरातला कर्ता माणूस देतो. पोरगी मान खाली घालून उभी राहते. हे कुणी शिकवलेलं न्हाय, चालत आलंय. माझ्या बहिणींची ओळख वडिलांनी सांगितली, माझ्या लेकींची मी.

नात नर्सिंग शिकून माकणीला घरी आली. पुण्याच्या एका दवाखान्यात जागा निघाली होती, पण मुलाखत मोबाइलवर आणि इंग्रजीतून. घरात तिचा एकच घोष सुरू झाला. "इंट्रोड्यूस युवरसेल्फ" असं स्वतःलाच विचारायची, मग "आय ॲम" म्हणायची आणि नाव सांगायची.

मी दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस, पण कान शाबूत आहेत. म्हणालो, "मायसेल्फ म्हण. तालुक्याला भली भली माणसं माइकवर तसंच सुरू करतात."

"ते चुकतं, आबा."

"एवढे कोटवाले चुकतात, आन् तू तेवढी बरोबर?"

"व्हय."

मग शेंगा फोडता फोडता तिनं सांगितलं. करणारे आपणच आणि ते येतंही आपल्यावरच, तिथं मायसेल्फ. विळ्यानं माझं मलाच लागलं, तर 'आय कट मायसेल्फ'. कुणाच्या मदतीशिवाय केलं, तरी 'आय डिड इट मायसेल्फ'. पण नाव सांगताना ते नको, साधं 'आय' पुरं.

"नुसतं आय? लई उघडं वाटतंय."

"उघडंच असतंय ते, आबा. मागं कुणी उभं नसतंय."

मला पटलं न्हाय. मायसेल्फला वजन आहे, हे मी आजही म्हणतो.

मुलाखतीच्या दिवशी घोळ झाला. रेंज फक्त ओसरीवर येते, आणि ओसरीवर माझी बाज. "तेवढा वेळ आत बसा की," ती म्हणाली. माझ्या ओसरीवरून मी का उठू? बसलो तिथंच. तिनं शेंगांची पाटी पालथी घालून तिच्यावर मोबाइल टेकवला.

चष्मेवाल्या बाई दिसल्या. "इंट्रोड्यूस युवरसेल्फ," त्या म्हणाल्या. ते शब्द मला आता पाठ झाले होते. परकं माणूस आमच्या पोरीची ओळख विचारत होतं. माझी जीभ आपसूक सुटली.

"ही आमची नात, माकणीची. घराणं चांगलंय, तिचा बाप..."

बाई थांबल्या. "कोण बोलतंय?"

नातीचा चेहरा उतरला. एवढ्या दिवसांची मेहनत माझ्यापायी पाण्यात जाते की काय, असं वाटलं. माझ्याकडं न बघता तिनं तळहात आडवा धरला, बैल थोपवावा तसा.

"माझे आजोबा आहेत, मॅडम." आणि लगेच, "आय ॲम..." पुढं नाव, शिक्षण, वॉर्डातलं काम. मला निम्मं कळलं न्हाय. पण ती मान वर करून इतका वेळ बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो. घरात तिला तेवढं कोण बोलू देतं?

फोन ठेवून ती म्हणाली, "नोकरी गेली असती म्हंजे?"

"मी फोन करून बोललो असतो की बाईंशी!"

"तेच तर नको, आबा."

जागा मिळाली. पुण्याला निघायच्या आधी अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेलो. रांगेत एका म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघत मला विचारलं, "ही कुणाची?"

तोंड उघडलं होतं. मिटून घेतलं.

तिनं सांगितलं, नाव, गाव, कामसुद्धा. म्हाताऱ्यानं ऐकलं आणि परत माझ्याकडंच बघितलं. "व्हय का हो?"

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "तिनं सांगितलं की."