वाटीत आधी काय

त्या दुकानाला पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणी वाचत नसे. नणंद दिवसभर "वहिनी, टॉवेल दे", "वहिनी, फोन आलाय" करत असायची. ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणायला लागली आणि बायकांचे केस कापायचं ते दोन खुर्च्यांचं दुकान 'वहिनींचं' होऊन बसलं. वहिनी केस कापायच्या, रंगवायच्या. नणंद केस धुवायची, झाडू मारायची आणि तोंड चालवायची. एकवीस वर्षं असं चाललं होतं. नणंद-भावजयीचं इतकं पटतं कसं, असं कुणी विचारलं की नणंद सांगायची, भांडायला वेळ कुठाय, इथे जेवायला मिळत नाही.

ते खरंच होतं. वहिनी सकाळपासून उभ्या. दुपारी हाताला लागेल ते तोंडात टाकायच्या आणि घरी गेल्यावर दिवसभराचं उट्टं काढायच्या. सेहेचाळिसाव्या वर्षी वजन एकशे अठरावर गेलं, साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले. पथ्यं झाली, चालणं झालं, उतरलेलं वजन दुपटीनं परत आलं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. वर्षभर विचार करून, सगळ्या तपासण्या करून वहिनींनी ते करून घेतलं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरलं केळ्याएवढं.

दवाखान्यातून निघताना एक कागद मिळाला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्येक जेवणात आधी प्रोटीन'. वहिनींनी तो वाचला, घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या खणात टाकला.

पहिले काही आठवडे पातळ खाण्यात गेले. मग मऊ खायला परवानगी मिळाली. अंडं खाल्लं की पोटात दगड ठेवल्यासारखं वाटायचं. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र अलगद उतरायचं. मऊ भात, केळं, भाज्यांचं पाणीदार सूप, हेही उतरायचं. जे उतरतं ते खावं, असा वहिनींनी सरळ हिशेब केला. शिवाय काटा रोज खाली जात होता, मग चुकतंय म्हणायचं कशाला? वहिनी हरखून गेल्या होत्या. नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, आता तुझं तिकीट अर्धं. नणंदेनं जुना ड्रेस समोर धरून बघितला आणि यात आता आपण दोघी मावू, असं जाहीर करून टाकलं.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. एके सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधीच नणंदेला आरशाखाली केसांचा पुंजका दिसला. तिनं झाडू थांबवला.

"वहिनी, आज अजून कुणाचे कापले नाहीत ना?"

वहिनींनी कंगवा खाली ठेवला. आठवडाभर त्या हे लपवत होत्या. भांग एका बाजूला ओढत होत्या, चाप लावत होत्या. केस गळतात म्हणून रडत येणाऱ्या बायकांना त्या नेहमी सांगायच्या, "केस पोटातून वाढतात, बाटलीतून नाही." आता स्वतःवर वेळ आली, तर त्यांनी कपाटातली सगळ्यात महागडी बाटली काढली होती.

त्याच आठवड्यात बुधवारी मुख्याध्यापिका बाई आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण आवाजातली छडी अजून शाबूत होती. वहिनी त्यांचे केस वाळवत होत्या. निम्मे झाले आणि दंड थरथरायला लागला. वहिनींनी कोपर बाईंच्या खांद्यावर टेकवलं. हे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. बाईंनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा. दोन बिस्किटं."

"आणि काल?"

तोंडी परीक्षाच सुरू झाली. उत्तरं फार वेगळी नव्हती. काल सूप, परवा भात, मध्ये एक केळं. बाई उठल्या आणि अर्धे ओले केस तसेच ठेवून त्यांनी वहिनींना आपल्या जागी बसवलं. एकवीस वर्षांत वहिनी त्या खुर्चीत बसल्याच नव्हत्या. समोर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. गाल बसलेले, कानशिलांवर डोक्याची कातडी दिसत होती. बारीक व्हायचं होतं, झालोही, पण ही बाई आजारी दिसतेय, असं त्यांच्या मनात आलं. बाईंचे राहिलेले केस नणंदेनं वाळवले.

दुसऱ्या दिवशी नणंद-भावजय दोघी दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं. आहारतज्ज्ञ वयानं अगदी कोवळी होती, पाठीवर जाडजूड वेणी. वहिनींची नजर आधी वेणीवरच गेली. मुलीनं तीन दिवसांचं खाणं विचारून घेतलं आणि सांगितलं की दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, तुमच्या पोटात वीसदेखील जात नाहीये.

"केस परत येतील?" वहिनींनी विचारलं.

"वजन झपाट्यानं उतरलं की थोडे केस गळतातच. ते सहसा परत येतात. पण तुम्ही शरीराला काही देतच नसाल तर ते येतील कशाच्या जोरावर? आणि केसांचं जाऊ द्या. काटा खाली जातोय म्हणून तुम्ही खूश आहात, पण नुसती चरबी जात नाहीये. शरीराला बाहेरून मिळालं नाही की ते तुमचे दंड खातं, मांड्या खातं. म्हणून हात थरथरला."

वहिनींनी आपला दंड चाचपून पाहिला. मुलीचा आवाज जरा मऊ झाला.

"तुमचं पोट आता एक लहानशी वाटी आहे. भातानं भरली की भरली. तेव्हा वाटीत आधी काय घालायचं, एवढंच ठरवायचं."

घरी आल्यावर नणंदेनं खणातला तो कागद शोधून काढला आणि थेट दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात नेऊन अडकवला. आता लपवाछपवी संपली होती.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. प्रोटीनची पावडर पाण्यात ढवळली तर भिंतीचा रंग चाटल्यासारखी लागली, हे मत नणंदेचं, कारण पहिला घोट तिनंच घेतला. दह्यात घातली, गुठळ्या झाल्या. शेवटी दुधाच्या गार कॉफीत ती बेमालूम मिसळली. अंडं नीट उकडून, अर्धंच, दर घास बारीक चावून खाल्लं की दगड वाटत नाही हे कळलं. मासा वाफवला की सहज उतरायचा. मसूर घोटून घेतला की तोही. एकदा गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून कोंबडीचा मोठा तुकडा घाईनं गिळला आणि छातीत कळ आली, अर्धा तास नुसतं बसून राहावं लागलं. वाटी पाण्यानंच भरू नये म्हणून जेवताना पाणी प्यायचं नाही, हा नियम नणंदेनं असा पाळून घेतला की वहिनी ग्लासाकडे बघायलाही बिचकायच्या.

वेळेचा प्रश्न केसांच्या रंगानंच सोडवला. रंग लावला की तो चढेपर्यंत पस्तीस मिनिटं गिऱ्हाईक नुसतं बसून असतं. ती पस्तीस मिनिटं वहिनींची झाली. त्या डबा उघडायच्या, आधी अंडं किंवा मासा, मग जागा उरली तर भाजी, भात सगळ्यात शेवटी. डोक्याला रंग थापून बसलेल्या बायका आरशातून त्यांचे घास मोजायच्या आणि सल्ले द्यायच्या.

मध्ये दोन आठवडे काटा हललाच नाही. वहिनींना धास्ती बसली. इतकं खायला लागले म्हणूनच हे, परत चहा-बिस्किटावर जाते, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्यानं वाद घातला नाही. पाण्याचा वीस लिटरचा कॅन दारात होता, तो म्हणाला, हा आत घे जरा. वहिनींनी उचलला आणि ओट्यावर ठेवला. मागच्या महिन्यात तो त्यांना सरकवताही आला नव्हता. त्यानंतर त्यांनी काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहायचं ठरवलं.

नवव्या महिन्यात कपाळाभोवती बोटाच्या पेराएवढे केस उभे राहिले, सगळ्या दिशांना. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, नवा वर्ग भरलेला दिसतोय, फार दंगा करतोय. पण मागचे जुने केस विरळ आणि लांब, पुढचे नवे आखूड, त्यामुळे कसंही बांधलं तरी विचित्रच दिसायचं. वहिनींनी एका दुपारी दाराला कडी लावली, खुर्चीत बसल्या आणि कात्री नणंदेपुढे धरली.

"सगळे आखूड कर."

"मी? मी आजवर नुसते धुतलेत, फार तर वाळवलेत."

"एकवीस वर्षं माझ्या हाताकडे बघते आहेस ना?"

नणंदेनं तासभर घेतला. पहिल्यांदाच तिचं तोंड बंद होतं. शेवटी डावी बाजू उजवीपेक्षा नखभर वर गेली. ते तिला दिसलं, वहिनींनाही दिसलं. नणंद पुन्हा कात्री उचलायला लागली तेव्हा वहिनींनी तिचा हात धरला आणि राहू दे म्हणाल्या. मान मोकळी झाली होती, वारा लागत होता. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं चाचपलं, हसल्या आणि कडी काढायला उठल्या.

पुढच्या आठवड्यात दोन बायकांनी वहिनींना सांगितलं की आम्हाला तुमच्यासारखेच कापून हवेत, आणि ज्यांनी तुमचे कापले त्यांच्याकडूनच. तेव्हापासून त्या दुकानात दोन्ही खुर्च्यांवर कात्री चालते.