विनयचं अठराशे अकरा

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या फ्युनरल होममध्ये मी चुकीच्या जागी उभा राहिलो. इथे लोक रांगेनं येऊन घरच्यांशी हात मिळवतात हे ठाऊक होतं. घरच्यांनी कुठं उभं राहायचं ते नव्हतं. भिंतीला टेकावं म्हणून विनयच्या बायकोशेजारी, मृणालशेजारी सरकलो, आणि शॅननच्या आमच्या अख्ख्या कंपनीनं मला त्याचा भाऊ समजून इथल्या सांत्वनाच्या रीतीनं "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हटलं. मीही प्रत्येकाला "नो ट्रबल ॲट ऑल" म्हणत गेलो. काय बोललो ते घरी बूट काढताना कळलं. एरवी मी या किश्शावर वर्षभर जेवलो असतो. महिना होऊन गेला, अजून हसू येत नाही...

माझा दोस्त विनय कंपनीच्या कारपार्कमध्येच उभ्याउभ्या गेला. गाडीचं कुलूप उघडलं होतं, दार उघडायचं राहिलं. मी वरच्या मजल्यावर चहा पीत होतो. तो चहा मी संपवलाही असेल.

आमच्यात गोष्टी सांगणारा मी, असा माझा समज. पण विनय बोलायला लागला की पोरं माझ्याकडे पाठ करून बसत. त्याच्याकडे एकच साल होतं, अमेरिकेतलं अठराशे अकरा. हेच का, असं विचारलं तर म्हणायचा, "अबे, धूमकेतू, भूकंप अन् मिसिसिपीवरची पहिली आगबोट, सगळं एका सालात! तुमच्या पुण्याला जमलं का कधी?" मग खारींच्या झुंडी दक्षिणेकडे पळायच्या, बोट बांधणाऱ्याची बायको कुणाचं न ऐकता पोटुशी बोटीवर चढायची, वाटेतच बाळंत व्हायची. डिसेंबरात जमीन हलायची. रात्री बोट एका बेटाला बांधलेली. सकाळी बेट नाही, दोर सरळ पाण्यात गेलेला. इथं विनय थांबायचा. एकतीस डिसेंबर आला की पुढं एक शब्द नाही. "बारा साल आपल्याकडे नाही," म्हणत भात वाढून घ्यायचा.

गेल्या रविवारी मी आणि बायको डबा घेऊन मृणालकडे गेलो. दारातच मृणाल हळू आवाजात म्हणाली, "ईरा बोलतच नाहीये हो. रडलीसुद्धा नाही. शाळेतही गप्प." ईरा, त्यांची चौदा वर्षांची लेक, समोर आली, डबा घेतला, प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, ताटल्या काढल्या. मी हवामानावर बोललो, बटाट्याच्या भाजीवर बोललो. कुणीच ऐकत नव्हतं; मीसुद्धा.

भात वाढताना ईरा एकदम म्हणाली, "डिड दे मेक इट, काका? द बेबी अँड ऑल?"

फोनवर शोधलं असतं तर क्षणात कळलं असतं. तिनं शोधलं नव्हतं. मी मृणालकडे पाहिलं. तिनं मान हलवली, पण हो की नको ते मला कळेना. विनयनं इतकी वर्षं राखलेली वेस मी ओलांडायची...

"पोचले," मी म्हणालो. "जानेवारीत. न्यू ऑर्लिन्सला. बाळ, आई, सगळे."

"ग्रँड," ती म्हणाली. आणि हातातला डाव तसाच धरून रडायला लागली. मृणाल उठून तिच्याजवळ गेली. भात गार झाला.

घराशी गाडी लावल्यावर पट्टा सोडत बायको म्हणाली, "बारा साल वाचून ठेव. पुढच्या रविवारी विचारेल ती."