गाठोडी सोडणारा मुकादम

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम म्हणजे खुर्चीत बसून खेकसणारा माणूस, असा जुना रिवाज होता. ह्या मुकादमानं पहिल्याच आठवड्यात ती खुर्ची उचलली, इस्त्रीवाल्या आक्कांच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी त्यांच्या टेबलाशी नेऊन ठेवली आणि स्वतः उभा राहिला तो थेट गाठोड्यांपाशी.

वॉर्डांतून मळक्या चादरींची गाठोडी यायची. रक्तानं, ओकारीनं, नको नको त्यानं भरलेली. तेवढ्यावर भागलं असतं तर नाक दाबून कुणीही केलं असतं. पण घाईगर्दीत कुणाकडून तरी चादरीतच सुई राहायची, कधी ब्लेड, कधी फुटकी काच. रबरी हातमोजे सुईपुढे कागदच. म्हणून गाठोडं सोडायचं, एकेक चादर झटकायची, उजेडात धरायची, कडा चाचपायच्या आणि मगच मशीनकडे द्यायची. तिथलं सगळ्यात वाईट काम ते. बावीस वर्षं मुकादमानं ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

"तुमचे हात घरी लागतात," तो म्हणायचा.

"आणि तुमचे हो, काका?" सुकवणीच्या मशीनवरचा लंबू विचारायचा.

"माझे काय! वाढलेलं तोंडात घालायला तेवढे लागतात."

कुणाला उशीर झाला तर त्याचं मशीन हा चालवायचा. वरून साहेब झापायला आला की हा पुढे व्हायचा. त्यामुळे माणसं त्याच्यावर जीव टाकत. 'काकांनी बघितलंय' म्हटलं की विषय संपला. धुण्याच्या मशीनवरची बाई, मशीनवाली, तर चादरींचा ढीग कवेत घेऊन कोपरापर्यंत हात ड्रममध्ये खुपसायची, नजर भलतीकडे, तोंडानं घरचं रडगाणं चालू.

दीड वर्षापूर्वी मुकादमाच्या नजरेत मधोमध डाग आला. समोरच्याचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. वरच्या मजल्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळू. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायको करवादायची, "अहो, ग्लास कुठे, पाणी ओतताय कुठे!" तर म्हणायचा, लक्ष नव्हतं. कामावर तो बोटांवर भिस्त ठेवू लागला. मी सोडलं तर ही घाण ह्यांच्या गळ्यात पडेल, असं तो मनाला बजावायचा. ते खोटं नव्हतं. पण गाठोड्यांपासून उठवलं तर आपण उरतो किती, ही भीती त्याच्याखाली दबा धरून बसली होती आणि तिच्याकडे तो बघायचंच टाळत होता.

त्या दिवशी मशीनवाली उपाशीपोटी आली होती. मुलगी तापानं फणफणलेली, डबा करायला सवड नाही. अकरा वाजता मुकादम रोज वर कँटीनला जायचा, वीसेक मिनिटं बसायचा. आज त्यानं चहाची किटली न् बिस्किटंच खाली आणली.

"कुणी हलायचं नाही. आज मी वाढणार."

आक्का चपापल्या. "काका, तुम्ही जा की वर. जरा टेका."

"तुमच्याशिवाय कँटीनवाल्याला करमत नाही," लंबू म्हणाला.

"पळवून लावता का रे मला?" मुकादम हसला. बाकी कुणी हसलं नाही. त्यानं मशीनवालीच्या हातात कप दिला, दोन बिस्किटं खायला लावली. आपल्याला हे सुचलं ह्याचं त्याला मनातून बरं वाटत होतं. तिनं कप ठेवला, लंबूकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. मुकादम तिथंच उभा. मग तिनं ढीग उचलला आणि हात आत घातले.

"आई गं." एवढंच. तेही हळू.

सुई तळहाताच्या गादीत रुतली होती. मुकादमानं तिचा हात नळाखाली धरला, तिला वर नेलं. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, रक्त घेतलं. म्हणाले, पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, तीन महिने काही छातीठोकपणे सांगता येणार नाही. सुई कुठल्या रोग्याची, कुणाला ठाऊक? तिनं एकच विचारलं, "मुलीला जवळ घेतलं तर चालेल ना?"

खाली आल्यावर आक्कांना राहवलं नाही.

"तुम्ही चहाला गेलात की आम्ही ढीग परत बघायचो, काका."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं. दर दिवसाला एकाची पाळी."

"आज कुणाची होती?"

"माझी," लंबू म्हणाला.

"मग बघितलं का नाहीस?"

"तुम्ही समोर होतात. तुमच्या तोंडावर ढीग परत कसा बघणार?"

मुकादम भिंतीला टेकला. वर्षभर ह्यांनी त्याची लाज राखली होती आणि त्यानं ह्यांची काळजी वाहिली होती. त्या दोन्हींच्या मध्ये मशीनवालीचा हात सापडला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब खाली आला. मशीनवाली पट्टी बांधलेला हात पदराखाली घेऊन उभी. "माझीच चूक, साहेब. न बघता हात घातला." आणि मुकादमाकडे वळून म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास, काका." ह्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिची चूक नाही," मुकादम म्हणाला. "मला दिसत नाही, साहेब. दीड वर्ष झालं."

साहेबानं कागदावर लिहून घेतलं. "ठीक आहे. तुम्ही आता घड्या घालायला बसा. गाठोडी कोण बघणार?"

"काका सांगतील तो," लंबू म्हणाला.

साहेबाला घाई होती. "मग सांगा न् लावा कामाला. वॉर्डात चादरी नाहीत." तो गेला.

सगळे मुकादमाकडे बघत राहिले. त्यानं तोंड उघडलं. नाव कुणाचं घ्यायचं? आक्कांची बोटं थरथरतात. मशीनवालीचा तर प्रश्नच नाही. लंबूला दोन लहान पोरं. बावीस वर्षं ज्यांना त्या ढिगाजवळ फिरकू दिलं नाही, त्यांतल्या एकाला आज ढकलायचं. आणि शिकवलं कुणालाय? गाठ कुठून धरायची, बोट कुठे थांबवायचं, सारं त्याच्या एकट्याच्या हातांत. ह्यांनी वर्षभर बघितलं ते त्याचं उरलंसुरलं, झटकून ठेवलेलं.

"लंबू, ये. शिकवतो."

लंबू आला. गाठोड्यासमोर वाकला. हात गाठीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"काका, पहिलं एक तुम्हीच दाखवा ना," तो म्हणाला.

मुकादमानं इतरांकडे बघितलं. डागाच्या भोवती त्याला खांदे दिसले, कान दिसले. तोंडं दिसली नाहीत. कुणीतरी नको म्हणेल म्हणून तो क्षणभर थांबला. मग त्यानं गाठ सोडली आणि त्या सगळ्या मळक्या पांढऱ्यात हात घातला.

कुणी अडवलं नाही.