पाटावरची तालीम

गंगाखेडच्या बाजारात वीरुपाक्षअप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागं घर. महादेवी ही त्यांची थोरली लेक. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळं तिला बघायला पाहुणे आले की मला आधी कळायचं. पोह्याला फोडणी पडायची आणि तिची आई चन्नबसम्मा ठेवणीतला पाट काढून पुसायला घ्यायची. त्या पाटाचा मला तेव्हा राग यायचा. आजही येतो.

पाहुणे खुर्च्यांवर आणि महादेवी पाटावर, अशी ती बैठक. पाटावर बसलेल्या मुलीनं कसं वागायचं ते चन्नबसम्मानं तिला शिकवलं होतं, आमच्या गल्लीत सगळ्याच आया शिकवायच्या. मान खाली, आवाज बारीक, आणि प्रश्न अवघड आला तर "अप्पा म्हणतील तसं" एवढंच बोलायचं. महादेवी रंगानं सावळी. चार दिवसांनी पाहुण्यांचा निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलेलीसुद्धा नसायची. अप्पा निरोप ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तराजूपाशी जाऊन बसायचे.

महादेवी बी.कॉम. झाली आणि परभणीला एका कचेरीत तिला पहिल्यांदा मुलाखतीला बोलावलं. आम्ही स्टँडवरच्या दुकानातून मुलाखतीच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणलं. मी साहेब व्हायचे आणि ती उमेदवार. स्वतःविषयी सांगा, तुमची जमेची बाजू कोणती, उणी बाजू कोणती, ही नोकरी का हवी, सगळं तिनं घोटून पाठ केलं. परभणीच्या साहेबानं यातलं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, लग्नानंतर नोकरी कराल का? तो प्रश्न पुस्तकात नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्यानं मुलाखतीला फक्त मुलगेच जातात असं धरलेलं होतं. महादेवीची मान आपोआप खाली गेली आणि तोंडातून निघालं, "अप्पा म्हणतील तसं." साहेब हसला, त्यानं पुढचा माणूस आत बोलावला, आणि ती जागा गेली.

घरी आल्यावर मी त्या साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. महादेवी शेवटी म्हणाली, "सुमन, त्याला कशाला बोलायलीस? ते उत्तर मला पाटानं शिकवलंय. आता पाटावर बसूनच विसरते."

मला आधी गंमत वाटली. पण तिनं ते खरं केलं. पुढच्याच महिन्यात लातूरकडचे पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं विचारलं, काय काय येतं तुला? महादेवीनं मान वर केली, आत्याबाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि जमेची बाजू सांगितली: हिशेब चोख येतो, बी.कॉम.ला सेकंड क्लास आहे, भाकरी चांगली होते. मग न विचारता उणी बाजूही सांगितली की पुरणपोळी फुटते. आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी दाराआड उभी होते, हसू दाबून पोटात दुखायला लागलं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी गच्चीवर बसलो आणि आवाज कुठं कापला, मान कुठं झुकली, ते सगळं काढलं. दर वेळी तसंच करायचो. पाहुण्यांच्या पोह्यावर आमची तालीम चालली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

अप्पांना मात्र पत्ता लागला. त्यांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत जो पहिला होकार देईल त्याच्याशी लग्न लावून मोकळा होतो. इकडं एका सहकारी बँकेत कारकुनांच्या जागा निघाल्या होत्या. महादेवी लेखी परीक्षा पास झाली आणि मुलाखतीच्या बोलावण्याची वाट बघत होती. बँकेच्या आधी कुणाचा होकार आला तर सगळं संपलं, एवढं आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

अशात सेलूचे कल्याणराव आले. कापसाचे मोठे व्यापारी, पुतण्यासाठी मुलगी बघत होते. माणूस नीट बोलणारा. घर, शेती, सगळं अप्पांच्या मनासारखं. मुलगी पसंत पडल्यासारखीच दिसत होती. उठता उठता कल्याणरावांनी विचारलं, "पोरी, लगीन झाल्यावर नौकरीचं खूळ सोडशील ना?"

"न्हाई," महादेवी म्हणाली. "नौकरी लागली तर सोडणार न्हाई."

चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. अप्पांनी महादेवीशी बोलणं टाकलं. लोक हसायलेत, एवढंच चन्नबसम्माला ऐकवत राहिले. मी त्या घरात जायचं टाळत होते, कारण अप्पांच्या नजरेत अर्धा दोष माझा होता. खरं तर मला त्याचा अभिमानच वाटत होता.

दसऱ्याआधी बँकेचं बोलावणं आलं. नेमका मुलाखतीच्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. एसट्या सगळ्या डेपोत उभ्या. पोरीला एकटीला पाठवायची सोय नव्हती, म्हणून अप्पा तोंड वाकडं करून निघाले आणि दोघं रेल्वेनं परभणीला गेली. बँकेत उमेदवार आत जायचे, अप्पा बाहेर बाकावर. दाराला नुसता पडदा होता. त्यामुळं आत काय झालं ते मला पुढं दोघांकडूनही कळलं.

महादेवी आत गेली तर टेबलापलीकडं तीन जण, आणि मधल्या खुर्चीत कल्याणराव. ते बँकेचे संचालक होते, हे आम्हाला कुठून माहीत असणार? त्यांनी तिला ओळखलं. दुसऱ्यांनी व्याजाचं, जमाखर्चाचं विचारलं, तिनं नीट सांगितलं. मग कल्याणराव खुर्चीत मागं रेलले. "बाई, तुमी हुशार हाव. पण उद्या लगीन व्हईल आन् तुमी नौकरी सोडून जाल. सोडणार न्हाई कशावरून?"

महादेवी सांगते, तिची मान त्या क्षणी जड झाली होती. तरी तिनं ती खाली जाऊ दिली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "हाच प्रश्न तुमी आमच्या घरी विचारला होता. नौकरी सोडणार न्हाई असं मी म्हणाले, म्हणून तुमी मला नाकारलंत. तुमचा नकार हाच माझा पुरावा हाय. ह्याच्यावर आणखी काय देऊ?"

बाकीचे दोघे कल्याणरावांकडं बघायला लागले. एकानं हसू लपवायला तोंडावर रुमाल धरला. कल्याणराव कागद चाळत राहिले.

परतताना स्टेशनवर उतरल्यावर तिच्या हातातली पिशवी अप्पांनी स्वतः घेतली.

नेमणुकीचं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. बाकीच्या दोघांनी तिच्यासाठी जोर लावला असं पुढं कानावर आलं. आणि पंधरवडाही गेला नसेल, सेलूहून मध्यस्थ दुकानात हजर. पुतण्याला मुलगी पसंत आहे, पत्रिका पुन्हा दाखवली, आता जुळते म्हणे. बँकेतली सून कुणाला नको असते? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मध्यस्थाला चहा देऊन बसवलं आणि अप्पा आत आले. मी तिथंच होते. चन्नबसम्मानं सवयीनं पाटाकडं हात नेला होता, अप्पांनी तिला थांबवलं.

"महादेवी," ते म्हणाले, "त्यांना काय सांगू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला घरात कुणी विचारला नव्हता. तिनं डोळे पुसले आणि सरळ अप्पांकडं बघितलं.

"सांगा, पत्रिका जुळत न्हाई."

अप्पांनी मान हलवली, कपाळावरची विभूती नीट केली आणि सांगायला स्वतः बाहेर गेले.